हिराजीभाऊंचा उतार

आमच्या शेजारच्या अंगणात एक उतार आहे. तो निसर्गाने केलेला नाही, हिराजीभाऊंनी केला आहे. थळसारख्या समुद्रकाठच्या गावात जमीन ताटासारखी सपाट असते. तिथे त्यांनी जांभ्याचे चिरे रचले, त्यांवर माती आणि खडी टाकली, ती धुमसाने ठोकली, आणि ओट्यापासून फाटकापर्यंत उतरत जाणारी एक जागा तयार केली. तिच्या माथ्यावर त्यांची राखाडी मोटार उभी असते. मोटारीचे तोंड रस्त्याकडे, आणि पुढच्या चाकांना अडसर म्हणून नारळाच्या खोडाची दोन ओंडकी. गावात नवा आलेला माणूस हे दृश्य पाहून विचारतो, की हे देऊळ बांधायचे राहून गेले आहे का.

या रचनेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हिराजीभाऊंची मोटार चावी फिरवल्यावर सुरू होते किंवा होत नाही. झाली तर आनंद आहे. न झाल्यास भाऊ खाली उतरतात, ओंडकी काढतात, चपळाईने पुन्हा आत बसतात, गाडी उतारावरून घरंगळू देतात, आणि फाटकापाशी येताच क्लच सोडतात. गाडी एक आचका देते, खोकते आणि चालू लागते. संध्याकाळी तीच गाडी उलटी चढवून माथ्यावर नेऊन ठेवणे हा त्यांचा नित्यनेम आहे. आमच्या गल्लीतली माणसे तेवढा वेळ आपापल्या पोरांना आणि कोंबड्यांना आत घेतात.

अशा गाडीच्या मालकाला भूगोलाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत कुठे चढ आहे, कुठल्या मोरीवर रस्ता जरा उचललेला आहे, कुठल्या मंगल कार्यालयाचे आवार उतरते आहे, हे भाऊंना तोंडपाठ आहे. त्यांचे सामाजिक जीवनही त्यानुसार आखलेले असते. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला ते गेले नाहीत, कारण मांडव शेतात होता. त्याच आठवड्यात एका अर्धवट ओळखीच्या माणसाच्या मुंजीला मात्र ते पहिल्या पंगतीला हजर होते, कारण कार्यालय टेकडीच्या पायथ्याशी होते. त्यांनी दातांचा डॉक्टरदेखील बदलला. मी विचारले, “नवा डॉक्टर चांगला आहे का?”

“हात जड हाय,” ते म्हणाले. “पन उतार झकास हाय.”

हिराजीभाऊ आमच्या इथल्या खतकारखान्यात पंप चालवत असत. निवृत्तीनंतर त्यांनी ही मोटार नवीकोरी घेतली, तेव्हा सगळ्या गावाला आश्चर्य वाटले. आयुष्यभर सायकल वापरणाऱ्या माणसाने साठीनंतर गाडी शिकावी आणि शिकताना स्वतःचेच तुळशीवृंदावन पाडावे, याचा अर्थ कुणाला लागेना. त्यांची पत्नी वनिता त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. घरात दुसरे कुणी नाही. “एकटा मानूस, पैशे जड झालं,” असे लोक म्हणाले आणि तो विषय त्यांनी मिटवला.

भाऊंच्या बोलण्यात दोन शब्द सतत येतात, ते इथेच सांगायला हवेत. ते म्हणजे “लिहून देता?” दारावर मासळी घेऊन येणारी कमळी म्हणाली, “भाऊ, बांगडा येकदम ताजा हाय,” की हे विचारणार, “लिहून देतेस?” कमळीही कच्ची नाही. ती म्हणते, “मी कशाला, बांगड्यालाच सांगते सही कराया.” ग्रामसभेत नळयोजनेचे साहेब म्हणाले, की पुढच्या आठवड्यात पाणी येईल. मागच्या रांगेतून आवाज आला, “लिहून देता?” साहेबांनी हातातले पेन सावकाश खिशात ठेवले. एकदा मी सहज म्हणाले, की आज पाऊस येणार नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी छत्री घेऊन निघाले.

ज्या माणसाला सगळे लिहून हवे असते, त्याला कंपनीने आपण होऊन हमी लिहून देण्याची तयारी दाखवावी, आणि नेमकी तीच त्याला घेता येऊ नये, असा विचित्र प्रसंग गेल्या वर्षी आला.

गाडीची मूळ हमी महिनाअखेरीला संपत होती. पेणच्या शोरूममधून एका मुलीचे फोन सुरू झाले. वाढीव हमी घ्यायची असेल तर मूळ हमी संपण्याआधीच घ्यावी लागते. एक वर्षाची मिळते, दोन वर्षांची मिळते, तीन वर्षांची मिळते. मुदत टळली तर पुन्हा मिळत नाही. हे ती मुलगी अतिशय गोड आवाजात आणि एका श्वासात सांगत असे. भाऊ फोन स्पीकरवर लावून आमच्या कुंपणापाशी येत, म्हणजे साक्षीदार राहील.

“सर, इंजिन, गिअरबॉक्स, सगळं कव्हर आहे. टेन्शनच नको.”

“लिहून देता?”

“सर, पॉलिसी म्हणजे लिहूनच असतं ना.”

“आनि गंज?”

“गंज कव्हर नाही, सर.”

“मी दर्याकाठी ऱ्हातो. हितं गंजाबिगर दुसरं काय व्हतं?”

मुलगी त्याच गोड आवाजात म्हणाली, “सर, मग तुम्ही एक वर्षाची घेता का, दोन की तीन?”

फोन तिथेच बंद झाला. बॅटरी संपली, असे भाऊंनी सांगितले. फोनवरची बॅटरीची खूण मात्र हिरवी दिसत होती.

गाडीला हमीची गरज होती, यात शंका नाही. तिच्या आजाराचे लक्षण असे, की शोरूमच्या दारात ती कधीही बंद पडत नसे. शाळा तपासणीच्या दिवशी वर्गातला सर्वांत द्वाड मुलगा जसा हाताची घडी घालून बसतो, तशी ती तिथे वागे. कारागीर चावी फिरवी, गाडी लगेच सुरू. तो म्हणे, “काका, काहीच प्रॉब्लेम नाही.” परत येताना वडखळला ती भर रस्त्यात मान टाकी. समोरच्या काचेखालचा पिवळा दिवा तर कायमचा लागलेला. भाऊंनी त्यावर एक टिकली चिकटवून टाकली होती. “उगाच डोळं वटारतो,” असे त्यांचे म्हणणे.

हमीचे छापील पत्रक घेऊन ते माझ्याकडे आले, कारण बारीक अक्षर वाचायला त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि माझे आयुष्य पोरांची बारीक अक्षरे वाचण्यात गेले होते. मी ते पूर्ण वाचले. कोणताही निर्णय घेताना प्रश्न योग्य क्रमाने विचारले तर निम्मे काम होते, ही माझी जुनी समजूत आहे. मी म्हणाले, “हिराजीभाऊ, आधी सांगा, गाडी बिघडते का?”

“बिघाडतेच हाय.”

“दुरुस्तीचा खर्च तुम्हाला झेपणारा आहे का?”

“झेपंल. पन रस्त्यात उभं ऱ्हानं न्हाय झेपत.”

“मग आता शेवटचा प्रश्न. ही गाडी तुम्हाला अजून किती वर्षं लागेल?”

भाऊ उठले. “पंप चालू ऱ्हायला बाई,” असे म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी पुन्हा त्याच क्रमाने गेले, कारण धडा मध्येच सोडून पुढचा सुरू करणे मला जमत नाही. शेवटच्या प्रश्नाला त्यांना वाळत घातलेले बोंबील आठवले. कावळे नेतील म्हणून ते धावत गेले. तिसऱ्या वेळी त्यांना दार उघडे राहिल्याचा भास झाला. ते दार आमच्या खिडकीतून दिसत होते आणि त्याला कुलूप होते.

त्या दिवसांत भाऊंना एका जागी बसणे कठीण झाले होते. चहाचा कप अर्धा पिऊन ते उठत, गाडीच्या बोनेटवर तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवत, परत येत, उरलेला चहा थंड झाला म्हणून तक्रार करत. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “वारंटी घेऊ का रं?” गावाने सल्ला देण्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. कुणी म्हणाले घ्या, कुणी म्हणाले सगळी लुबाडणूक आहे, कुणी म्हणाले गाडीच विका. मी म्हणाले, “मांडव्याच्या बोटीला निदान वेळापत्रक असतं. तुमच्या गाडीला तेही नाही. विकून टाका आणि रिक्षाने फिरा.”

“रिक्षात न्हाय जमायचं,” ते म्हणाले. “पाय दुमडत न्हाईत.”

मी त्यांच्या पायांकडे पाहिले. नुकतेच ते कुंपणावरून उडी मारून आले होते.

आणखी एक गोष्ट मला कळत नसे. दर शनिवारी सकाळी भाऊ गाडी काढत, रिकामी, आणि दोन-तीन तासांनी परत येत. रविवारी पुन्हा जात. कुठे जाता विचारले, की एकच उत्तर, “टेस्टिंग.” जी गाडी धड चालत नाही ती आठवड्यातून दोनदा हौसेने फिरवून आणायची, आणि सोमवारी ती चालत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, यातली संगती मला लावता येईना.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते टेस्टिंगवरून परत आले, ते ट्रकच्या मागे दोराला बांधलेल्या गाडीतून. दोर सोडवून ते सरळ कुंपणाशी आले. चेहरा उतरला होता.

“बाई, उद्या माझ्यासंगं चला.”

“कुठे?”

“रेवदंड्याला. आज आक्षीच्या पुलावर दगा दिला. उद्या बंद पडली तर ढकलाया कुनीतरी पायजे.”

“मी साठी ओलांडलेली बाई, भाऊ. मी काय ढकलणार?”

“तुमी नुसत्या रस्त्यावर उभ्या ऱ्हा. तुमचं इद्यार्थी समद्या तालुक्यात हायत. कोन ना कोन थांबंलच.”

हा हिशेब अचूक होता. मी गेले.

रविवारी सकाळी गाडी उतारावरून घरंगळत सुरू झाली. अलिबाग मागे पडले. आक्षीचा पूल आला तसे भाऊ पुढे वाकून बसले, जणू त्यांच्या वजनाने गाडीला रेटा मिळणार होता. पूल पार झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागले.

“माझा बापूस होडी दुरुस्त झाली की पयली रिकामी फिरवायचा. जाळी न्हाय, मानूस न्हाय. ती नीट परत आली की मंगच मानसं बसवायचा. ह्या गाडीची दुरुस्ती कवा संपतच न्हाय. म्हनून दर शनवारी रिकामी नेतो.”

“आणि रविवारी कोण बसतं?”

नागाव गेले, चौल आले. खाडीकडच्या वस्तीत त्यांनी गाडी एका मोरीच्या चढावर लावली, इंजिन चालूच ठेवले, आणि मला म्हणाले, “गावात बोलू नका. बायको गेल्यावर जावाय सासुरवाडीला चकरा मारतो म्हंजे दुसरी मागाया येतो, असं म्हनतात आमच्यात. ह्या वयात कशाला हसं करून घ्या.”

एका घरातून सुनेने एका अतिशय वृद्ध बाईला धरून आणले. अंगाने काडी, नऊवारी घट्ट, नाकात मोठी नथ, आणि दोन्ही गुडघे लाकडासारखे ताठ. भाऊंनी पुढच्या सीटवर उशी ठेवली, सीट मागे सरकवली, तिचे पाय सरळ ठेवून तिला बसवले. पाय दुमडत नव्हते ते हे.

म्हातारीने मागे वळून मला निरखले. “ह्यी कोन बसलीय माझ्या गाडीत?”

“शेजारच्या बाई, मामी. ढकलाया आनल्यात.”

“ह्यांच्यानं काय ढकलतंय,” म्हातारी म्हणाली आणि पुढे पाहू लागली.

मामींनी, म्हणजे भाऊंच्या सासूबाईंनी, रेवदंड्याच्या बाजारात हयातभर मासळी विकली होती. गुडघे गेले, टोपली सुटली, पण बाजार सुटत नव्हता. लेक होती तोवर ती दर रविवारी चौलला जाऊन, आईला एसटीत चढवून बाजारात नेऊन आणी. लेक गेली तशी म्हातारी घरात बसली आणि जेवेनाशी झाली. हिराजीभाऊ मोटार चालवायला शिकले ते तेव्हा. हे सगळे त्यांनी मला तुटक वाक्यांत सांगितले, तेही म्हातारीला ऐकू कमी येते या भरवशावर.

“दवाखान्यात डाक्टर म्हनालं व्हतं, दिवाळीला वनिता घरी येनार. मी मान हलवली, चपला घातल्या, घर सारवाया आलो.” त्यांनी गिअर बदलला. “लिहून न्हाय घेतलं.”

रेवदंड्याचा बाजार रस्त्याकडेलाच भरतो. भाऊंनी गाडी मासळीच्या पाटीपाटीपुढे थांबवत पायी चालल्यासारखी नेली, आणि मामी काच खाली करून कामाला लागल्या.

“कितीला गो वाटा?”

“आजे, दोनशेला. घेतेस का?”

“वर मोठी मांडलीस, खाली बारकी दडवलीस. ह्यी चाल मी काढलेली हाय, मना नको शिकवू.”

आजूबाजूच्या कोळणी हसल्या. पुढच्या पाटीवर मामींनी करली माशाचा कल्ला उघडून दाखवायला लावला, त्यापुढे कोलंबी बर्फातली असल्याचे गाडीत बसून वासावर सांगितले. एक नवी मुलगी होती, तिला ओळख नव्हती. तिने भाऊंकडे बोट दाखवून विचारले, “आजे, डायवर ठेवलास व्हय?”

“डायवर कसला. माझ्या वनीचा न्हवरा हाय.”

भाऊंनी शर्टाची कॉलर सारखी केली. गेल्या काही वर्षांत त्यांची या नात्याने कुणी ओळख करून दिलेली मी ऐकली नव्हती. गावात ते हिराजीभाऊ होते, कारखान्यात पंपवाले होते, शोरूममध्ये सर होते.

आणि नेमकी तिथे गाडी बंद पडली. रस्ता सपाट होता. भाऊंनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली, कपाळ पुसले. मी माझा विद्यार्थी शोधण्यासाठी खाली उतरले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घाईत बोट कुठेतरी लागले आणि गोड आवाज सगळ्या बाजारात पसरला.

“सर, आज लास्ट डे आहे. सिस्टीम बंद होईल. फक्त सांगा, एक वर्ष, दोन की तीन?”

भाऊ फोनकडे पाहत राहिले. खिडकीच्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि माझा तो शेवटचा प्रश्न मी किती सहज विचारत आले होते, हे मला तिथे समजले. गाडी किती वर्षे लागेल, याचे उत्तर त्यांच्या शेजारी उशीवर बसले होते. एक वर्ष म्हणणे म्हणजे काय म्हणणे, आणि दोन म्हणणे म्हणजे तरी काय.

“कसली वरसं?” मामींनी विचारले. कमी ऐकू येणे हे सोयीचे असावे.

“गाडीची, मामी. तवर बिघाडली तर ती लोकं फुकट दुरुस्त करनार.”

“मंग एवढा इचार कसला करतंस? तीनची सांग. दोन वरसांत माझं काय उरकत न्हाय.”

पाट्यांवरच्या बायका पुन्हा हसल्या. मामी हसल्या नाहीत. त्यांनी नथ सरळ केली आणि करलीवाल्या पाटीकडे मान वळवली, जणू एक सौदा झाला, आता पुढचा.

मी वाट पाहत होते. त्या दोन शब्दांना याहून योग्य जागा कधी मिळाली नसती. हिराजीभाऊंचे ओठ हललेही. मग त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, “तीन.”

“कन्फर्म ना, सर?”

“व्हय.”

त्यानंतर पाटीवाल्या चार-पाच जणी उठल्या, पदर खोचले, गाडीला मागून हात लावले आणि किनाऱ्यावरून होडी पाण्यात लोटावी तशी ती एका सुरात लोटली. माझ्या विद्यार्थ्याची गरज लागली नाही. गाडीने आचका दिला आणि सुरू झाली. मामी आतून ओरडून सांगत होत्या, की डावीकडची नुसती हात लावून चालतेय.

मामींना घरी पोचवून आम्ही दुपारी थळला परतलो. भाऊंनी गाडी उलटी चढवून माथ्यावर लावली, ओंडकी घातली. मी म्हणाले, “चला, आता तुमची काळजी मिटली. कागद येईल. आता हा उतार काढून टाका आणि तुळस लावा.”

चहा घेऊन मी बाहेर आले, तेव्हा ते घमेले आणि कुदळ घेऊन अंगणात उतरले होते. पावसाने उताराची एक कड खचली होती. तिथे ते नवे चिरे बसवत होते, प्रत्येक चिरा पायाने दाबून पाहत.

“हे कशाला आता, भाऊ?”

“वारंटी इंजिनाची हाय, बाई,” ते म्हणाले. “उताराची न्हाय. त्यो पन तीन वरसं टिकला पायजे.”

आणि त्यांनी आणखी एक घमेले माती ओतली.